आठ जोड्या, दोन कान

कानसेनांच्या टेबलाचा तिसरा खण गायचा. चेष्टा नाही, खरंच गायचा. घरात कुणी असो नसो, त्या बंद खणातून डासाएवढ्या आवाजात दिवसभर गाणं चालू असायचं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर त्यांच्या बायकोने बऱ्याच गोष्टी विचारायचं सोडून दिलं होतं, पण खण का गातो हे मात्र तिने विचारलं होतं.

"मुरायला ठेवलेत," कानसेन म्हणाले होते.

मुरायला ठेवलेले असत ते इअरफोन. तेही साधेसुधे नव्हेत. गाणारे-वाजवणारे लोक स्टेजवर आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून कानाच्या पार आत बसवतात ते, इन-इअर मॉनिटर. पूर्वी ती बड्या लोकांची चैन होती. आता एका वेळच्या जेवणाच्या पैशात जोडी घरपोच येते, आणि सगळी भानगड तिथेच आहे. स्वस्त म्हटल्यावर पन्नास कंपन्या आल्या, पन्नास कंपन्या म्हटल्यावर त्यातली कुठली बरी हा प्रश्न आला, आणि प्रश्न आला की कानसेन आलेच. नवी जोडी कोवळी असते, शंभर तास वाजवली की तिच्या आतला पडदा मोकळा होतो आणि आवाज निवळतो, असं या शौकीन मंडळींचं मत. त्यावर वाद घालायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कानसेन हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. स्वतःला एक ओळ धड गाता येत नाही, पण ऐकावं तर यांनीच, म्हणून मित्रांनी ठेवलेलं ते नाव. पोटापाण्यासाठी ते दुकानादुकानांतून वजनमापं तपासत फिरायचे. पितळी वजनांची पेटी घेऊन जायचं, काटा खरा आहे की खोटा ते बघायचं, खरा असेल तर शिक्का मारायचा. अशा माणसाला घरी आल्यावर काय करमणूक सुचणार? तो तिथेही काहीतरी तोलतच बसणार. सहा वर्षांपूर्वी लेकीने त्यांना इंटरनेटवर एक पान काढून दिलं. "बाबा, आम्हाला जे सांगता ते जगाला सांगा, तेवढीच आम्हाला सुट्टी," असं म्हणाली होती. आणि आश्चर्य असं की जगाने ऐकलं. आता दोन-अडीच हजार माणसं कानसेनांचा निकाल वाचल्याशिवाय स्वस्तातली जोडी घेत नव्हती.

निकालाचे दोन भाग असत, बसणं आणि वाजणं. बसणं म्हणजे जोडी कानात कशी बसते, मान हलवली की निसटते का, तासाभराने कान दुखतो का. वाजणं म्हणजे उघडच आहे. लिहिण्याची भाषा सगळी स्वयंपाकघरातली. एखादी जोडी आळणी, एखादी तिखट, एखादी मऊ. एकीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "ढोल छान शिजलाय, पण गाणारी बाई कच्ची राहिली." लोकांना ते फार आवडायचं.

आणि त्यांची बायको? आता गंमत बघा, ती कामाला होती कानाच्या दवाखान्यात. ऐकू कमी येणाऱ्यांना जे यंत्र देतात ते ज्याच्या त्याच्या कानात नेमकं बसावं म्हणून कानाचा साचा घ्यावा लागतो. तो ती घ्यायची. बत्ती लावून कानात बघायचं, दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवायचा, गुलाबी लगदा पिचकारीने भरायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. एकवीस वर्षं हेच काम. दवाखान्यात तिला साचेताई म्हणत. रस्त्यात कुणी भेटलं तर तिला चेहरा आठवायचा नाही, पण माणसाने मान वळवली की ओळख पटायची.

तर त्या बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आठ जोड्या मांडलेल्या होत्या. रविवारी आठांचा निकाल लागायचा होता आणि वाचणारे डोळे लावून बसले होते. प्रत्येक जोडीला कानसेनांनी टोपणनाव दिलेलं. शेंगदाणा, काळी, जांभळी, घंटा, अशी. टेबलावर ताट ठेवायलाही जागा नव्हती, म्हणून साचेताई परातीत भाजी घेऊन खुर्चीवरच चिरत बसली होती.

"जांभळीला बेसच नाही," कानसेन वहीत लिहिता लिहिता म्हणाले. "नुसतं पातळ कढण."

तिने मान वर करून बघितलं. "उजवीकडे बसलेलीच नाही ती. फट दिसतेय मला इथून."

"मधल्या मापाची रबरी टोपी लावलीय की."

"डाव्याला मधली. तुमचा उजवा कान मोठा आहे, त्याला मोठी टोपी लावा. आणि नुसतं कोंबू नका हो, कान मागे आणि वर ओढा, तोंड उघडा, मग आत सरकवा."

कानसेनांनी तोंड उघडलं, कान ओढला, जोडी सरकवली. दोन क्षण तसेच बसले, आ वासून. मग त्यांनी वहीतली ओळ खोडली.

"आला बेस," ते म्हणाले.

"फट असली की बेस गळतो. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"हे तू मला सहा वर्षांत सांगितलं नाहीस."

"सहा वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली आणि परत भाजीकडे वळली. नवऱ्याला एखादी गोष्ट शिकवायला मिळाली की संसारातली संध्याकाळ बरी जाते.

शेवटी स्पर्धा दोघींत उरली, शेंगदाणा आणि काळी. त्यातली शेंगदाणा ही जुनी. सहा वर्षांपूर्वीची, त्यांच्या पानावरची अगदी पहिली जोडी. नव्या सातांशी तुलना करायला म्हणून त्यांनी ती खणातून काढली होती. "काय निवळलीय म्हणून सांगू," ते म्हणत होते. "तेव्हा नुसती टोचायची. आता बघ कशी समतोल झालीय. याला म्हणतात मुरणं."

एवढ्यात लेकीचा फोन आला. नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायची. बाबांशी चार शब्द बोलून झाल्यावर तिने आईला मागितलं, आणि आई फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

"आई, गेल्या महिन्यात बाबांनी ती चंदेरी जोडी पहिल्या नंबराला काढली ना, ती मी घेतली," लेक म्हणाली. "म्हटलं बाबांच्या शब्दाखातर. अगं, लावली तर माझे दात शिवशिवले. इतकी तिखट. ऑफिसात तिघांना ऐकवली, तिघांनीही काढून टाकली. बाबांच्या पानावर पण खाली लोक लिहायला लागलेत, की कानसेनांना हल्ली तिखट फार सोसतं. मी त्यांना काही बोलले नाही हं. तू पण बोलू नकोस."

"नाही बोलत," ती म्हणाली.

फोन ठेवून ती पलंगावर बसली. एकवीस वर्षं कानांत काढलेली बाई, तिला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. माणसाचं ऐकणं जातं ते वरून जातं. आधी बारीक, उंच, चकचकीत आवाज जातात. 'स' बोथट होतो, घुंगरू पुसट होतं. ज्याचं ते गेलं त्याला तिखट जोडी समतोल वाटते आणि समतोल जोडी आळणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेन कामावर गेल्यावर तिने वह्या काढल्या. सहा वर्षांच्या सहा वह्या, सुवाच्य अक्षरात. पहिलीत शेंगदाण्याबद्दल लिहिलं होतं, "स सुईसारखा टोचतो. वीस मिनिटांत काढून ठेवली. तिखट खाणाऱ्यांनीही जपून." तिसरीत एका जोडीला "नेमकी" म्हटलं होतं, पाचवीत त्याच जोडीला "हिच्यावर हल्ली धूळ बसल्यासारखी वाटते." दरवर्षी कानसेन लिहीत होते की अमक्या जुन्या जोड्या निवळल्या आणि तमक्या मंदावल्या, आणि दरवर्षी दोष नाहीतर श्रेय त्या बिचाऱ्या खणाला जात होतं. जोड्या मुरत नव्हत्या. खण दिवसभर उगाच गात होता आणि ऐकणाऱ्याचे कान उतरत होते.

तिला स्वतःचाच राग आला. गावभरच्या म्हाताऱ्यांच्या कानात बत्ती लावून बघते आणि घरातला माणूस डोळ्यासमोर बहिरा व्हायला लागला तर पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग रागाच्या पाठोपाठ भीती आली. या माणसाला दुसरा नाद नाही. पत्ते नाहीत, राजकारण नाही, चारचौघांत बसणं नाही. ऐकणं तेवढं एक आहे. ते जातंय असं कळलं तर हा काय करील? आणि नाही सांगितलं तर रविवारी अडीच हजार लोक याच्या शब्दावर दात शिवशिवणारी जोडी घेणार, मग हळूहळू हसणार. ते कानसेनांना दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलेलं तिला चाललं नसतं.

दवाखान्यात ऐकणं तपासायच्या यंत्रावर बसणाऱ्या मॅडम होत्या. वयाने लेकीएवढ्या, पण कामाला पक्क्या. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"मळ असेल, साचेताई," मॅडम म्हणाल्या. "आधी बघून तर घ्या. घेऊन या त्यांना."

घेऊन कसं यायचं? कान तपासायला चला म्हटलं असतं तर कानसेन म्हणाले असते, माझे? तिने वेगळीच युक्ती काढली. संध्याकाळी म्हणाली, "अहो, दवाखान्यात लगदा उरलाय थोडा. तुमच्या कानांचे साचे घेऊ या. तुमच्या मापाच्या टोप्या करून देईन, मग फट म्हणून राहणार नाही."

कानसेनांना एवढा आनंद झाला की ते शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून, नवा शर्ट घालून दवाखान्यात हजर. ती फसवत होती असं नाही, टोप्या खरंच करून देणार होती. तरी त्यांचं ते हसू बघून तिने नजर बत्तीकडे वळवली.

तिने बत्ती लावून आत बघितलं. आजवर कुणाच्या कानात मळ सापडावा अशी इच्छा तिने केली नव्हती, त्या दिवशी केली. दोन्ही कान लख्ख होते. पडदे स्वच्छ, चमकदार, पुस्तकात चित्र काढावं असे.

बोळे सरकवले, लगदा भरला. "पाच मिनिटं गप्प बसायचं. जबडा हलवायचा नाही," तिने खुणेने सांगितलं. कानसेन दोन्ही कानांत गुलाबी गोळे घेऊन खुर्चीत ताठ बसले. आता त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. समोरच्या भिंतीवरचा कानाचा तक्ता ते कौतुकाने वाचत होते.

ती त्यांच्या पाठीमागे उभी होती. काय वाटलं कुणास ठाऊक, तिने तिथेच बोलून टाकलं. "तुमचे कान उतरलेत हो. खूप नाही, पण उतरलेत. तुम्हाला कसं सांगू मला कळत नाहीये. तुम्ही जे लिहिता ते मला आवडतं, मी कधी म्हटलं नाही पण आवडतं. ते बंद करू नका एवढंच." एवढं बोलून तिने डोळे पुसले, घड्याळात बघितलं आणि पाच मिनिटं झाली तसे साचे काढले. सुरेख आले होते. उजवा डाव्यापेक्षा खरोखरच एक माप मोठा होता.

"काय पुटपुटत होतीस?" कानसेनांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"समोर काच आहे तक्त्यावर. तोंड हलताना दिसत होतं."

आता पळवाट नव्हती. ती पुढे येऊन बसली. "एक सांगा. तुम्ही दुकानात गेलात की आधी काय तपासता? माल?"

"माल कशाला? काटा."

"का?"

"काटा खोटा असेल तर माल तोलून काय उपयोग?" बोलता बोलता ते थांबले. माणूस हुशार होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या दोन गुलाबी साच्यांकडे.

"शेंगदाणा मुरलेली नाही," ती म्हणाली. "मी वह्या वाचल्या."

कानसेन चिडले. आवाज चढवणाऱ्यांतले ते नव्हते. चिडले की शर्टाचं वरचं बटण लावायचे. ते त्यांनी लावलं. "टोप्यांचं निमित्त करून आणलंस," ते म्हणाले. तिने साचे डबीत ठेवले. मिनिटभराने ते उठले आणि आपणहून विचारलं, "कुठे बसायचं?"

आवाज न शिरणारी ती खोली म्हणजे कपाटापेक्षा थोडी मोठी, एका बाजूला काच. आत कानसेन, कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. बाहेर मॅडम यंत्रावर, आणि मॅडमच्या खांद्यामागे ती. तिला तिथे उभं राहायची गरज नव्हती, पण पाय निघत नव्हते.

खालचे, मध्यम आवाज झाले. कानसेनांचा अंगठा पटापट चालत होता. तीस वर्षं काटा बघितलेला माणूस, चुकायचं नाव नाही. मॅडम वर सरकत गेल्या. अंगठा जरा रेंगाळला. आणखी वर गेल्यावर थांबलाच. यंत्रावरचा दिवा लागलेला दिसत होता, म्हणजे आत आवाज सुरू होता. मॅडमनी तो वाढवला, आणखी वाढवला. काचेपलीकडे कानसेन परीक्षकासारखे बसले होते, मान किंचित तिरकी, बटण तयार.

मग ते अगदी आर्जवाने म्हणाले, "सुरू केलंत की सांगा हं."

मॅडमनी मागे वळून बघितलं नाही, आणि ते बरंच झालं.

कागदावरची रेघ सपाट रस्त्यासारखी येऊन शेवटी उतरणीला लागली होती. मॅडमनी नीट समजावलं. वयाचं आहे, छप्पन्नाव्या वर्षी होतं, कुणाचं लवकर कुणाचं उशिरा. बोलणंचालणं उत्तम ऐकू येतंय, कानात यंत्र घालायची गरज नाही, दरवर्षी तपासत राहू, आवाज बेताचा ठेवा. कानसेनांनी सगळं ऐकून घेतलं, कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि मॅडमचे आभार मानले. घरी आल्यावर टेबलाशी गेले, तिसरा खण उघडला आणि गाणं बंद केलं.

घरात अशी शांतता तिने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. जेवताना तिने दोनदा दुसराच विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा भाजीचा आणि एकदा शेजाऱ्यांच्या भिंतीचा.

"अडीच हजार लोक," कानसेन मध्येच म्हणाले. "कित्येक वर्षं खोट्या काट्यावर तोलून दिलं मी त्यांना. दुकानदार असता तर मीच टाळं लावलं असतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तेही हेच सांगतात. सगळे हेच सांगतात."

रात्रभर तिच्या मनात एकच घोळत राहिलं, की मी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं. लोक हसले असते तर हसले असते. जोडी म्हणजे काही औषध नव्हे, की चुकीची लागली तर कुणी मरेल. आपण एका सरळ माणसाच्या हातातली एकुलती एक गोष्ट काढून घेतली, असं तिला वाटत राहिलं.

शनिवारी दुपारभर कानसेन टेबलाशी पाठ करून बसले होते. काहीतरी लिहीत होते, खोडत होते. पान बंद करत असल्याचा निरोप लिहीत असतील असं ती धरूनच चालली होती. चारच्या सुमारास लेकीचा संदेश आला, "आई, बाबांचं पान बघ."

तिने मोबाइलवर उघडलं. सगळ्यात वर तो दवाखान्यातला कागद लावला होता, उतरणीच्या रेघेसकट, आणि खाली कानसेनांच्या साध्या वाक्यांत लिहिलं होतं. "हा माझा काटा. काल तपासला. रेघेच्या डाव्या टोकापासून मी खूण केलीय तिथपर्यंत खरा आहे, त्या खुणेपुढे कमी दाखवतो. गेल्या तीन वर्षांत मी ज्यांना समतोल म्हटलं त्या जोड्या तुम्हाला तिखट लागल्या असतील, तर तुमचं बरोबर आहे आणि माझं चूक. त्यांची यादी खाली देतो. जुन्या जोड्या मुरतात असं मी लिहीत होतो, तेही मागे घेतो. बसणं आणि खालचं वाजणं मी सांगत राहीन. खुणेपुढचं ऐकायला माणूस शोधतो आहे. आठांचा निकाल ठरल्याप्रमाणे उद्या."

तिने ते दोनदा वाचलं. नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की स्वयंपाकघरात जाऊन ती उगाचच ओटा पुसत उभी राहिली.

"अगं, जरा ये," बाहेरून हाक आली.

टेबल आवरलेलं होतं. दोनच जोड्या होत्या, शेंगदाणा आणि काळी. समोरासमोर दोन खुर्च्या. कानसेनांनी तिच्यासाठी टोपी बदलून ठेवली होती, सगळ्यात लहान मापाची.

"माझं माप कसं कळलं?"

"अठ्ठावीस वर्षं बघतोय तो कान," ते म्हणाले, आणि लगेच कामाचं बोलायला लागले. एकाच जोडीचं डावं तिने घालायचं, उजवं ते घालणार. आधी काळी. वाद्यांचा एक तुकडा आहे, त्याच्या शेवटी झांज वाजते, एकदाच, आणि विरत जाते. विरत विरत संपली असं वाटलं की हात वर करायचा. जोडी जितकी चांगली तितकी झांज जास्त वेळ ऐकू येते. "मी माझा करतो, तू तुझा कर. बाकी काही कळायची गरज नाही."

तिने कान मागे आणि वर ओढून जोडी बसवली. तुकडा लहानसा होता. मग झांज वाजली, टणत्कारून, आणि पसरायला लागली. दोघं एकमेकांकडे बघत बसले. थोड्या वेळाने कानसेनांचा हात वर गेला.

तिच्या कानात झांज अजून चालूच होती. नुसती चालू नव्हती, आत्ता कुठे सुंदर व्हायला लागली होती. वरचा करकरीतपणा जाऊन एक बारीक, चंदेरी सळसळ उरली होती आणि ती सरता सरत नव्हती. कानसेनांचा हात हवेत होता. तिला ते बघवेना. तिने आपला हात वर केला.

त्यांनी तुकडा थांबवला. "दोघांचं एकदम संपलं?"

"हो."

"दुकानदारासारखं काट्याला बोट लावू नकोस," कानसेन म्हणाले. रागाने नाही. तिने आयुष्यात ऐकलेल्या त्यांच्या आवाजांत तो सगळ्यात मऊ होता. "मला आता तेवढंच आहे गं. तू खोटं सांगितलंस तर तेही गेलं."

तिने मान हलवली. त्यांनी तुकडा परत लावला.

परत झांज वाजली. परत पसरली. कानसेनांचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"आहे अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे."

थोडा वेळ गेला. "आहे?"

"आहे. बारीक झाली, पण आहे."

त्यांनी आपला हात हळूच खाली घेतला. पुन्हा विचारलं नाही. ते पुढे वाकून टेबलावर कोपरं टेकून बसले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उरलेली झांज ऐकत राहिले, तिचा हात वर जाईपर्यंत.